कात्रजचा घाट आणि साडेतेरा हजार किलोमीटर

शनिवारची संध्याकाळ असूनही कात्रजचा चौक ओलांडून इथवर पोचलेल्या श्रोतेहो,

‘पोचलेल्या’ हा शब्द मुद्दाम वापरला. स्वारगेटहून इथे यायला आज मला पन्नास मिनिटं लागली. अंतर सात किलोमीटरच्या आसपास. पुलाचं काम, खणलेला रस्ता, मधे उभ्या राहिलेल्या सातारा-कोल्हापूरच्या बसगाड्या, हे तुम्हाला मी काय सांगावं? तुम्ही रोज भोगता. पण व्याख्यानाचा विषय मला तिथेच, चौकात अडकलो असताना, नीट कळला.

आजचा विषय आहे विमानाचं अंतर आणि विमानाचा वेळ. संयोजकांपैकी एकाने मला फोनवर अगदी प्रांजळपणे विचारलं, “यात व्याख्यान काय आहे हो? दोन शहरांची नावं टाकली की आकडा येतो.” येतो ना. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को, आकाशातलं कमीत कमी अंतर सुमारे साडेतेरा हजार किलोमीटर. थेट विमान असेल तर सोळा-सतरा तास. संपलं व्याख्यान. बसू का खाली?

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर असते, तर त्यांनी मला बसू दिलं नसतं. सर भूगोल शिकवायचे. आकडा सांगितला की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला : “कुठून कुठपर्यंत? आणि मोजलं कुणी?” आज तेवढंच करणार आहे. आकडा घ्यायचा आणि विचारायचं, कुठून कुठपर्यंत?

आपल्या गावाच्या नावाने मराठीत एक वाक्प्रचार आहे. कात्रजचा घाट दाखवणे. म्हणजे चकवणे, भलतीकडे धाडून देणे. एप्रिल १६६३. लाल महालात शाइस्ताखानावर छापा पडला. मोगल पाठलागाला निघाले तेव्हा महाराजांच्या माणसांनी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे सोडले, मोगल त्या उजेडामागे धावले आणि महाराज सिंहगडाच्या वाटेला लागले, अशी कथा आहे. बैल होते की नव्हते, यावर इतिहासकारांनी भांडावं. मला एवढंच म्हणायचंय की उजेड दिसतो तिकडे वाट असतेच असं नाही, हे ज्या गावाच्या नावाने भाषेत रुजलं, त्या गावात बसून तरी आपण चमकणाऱ्या आकड्यामागे धावू नये.

तर पहिला चकवा नकाशाचा.

वर्गातला भिंतीवरचा नकाशा आठवा. मुंबई उजवीकडे, कॅलिफोर्निया पार डावीकडे. पट्टी लावली की रेघ अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक असं करत जाते. सर एकदा वर्गात मोसंबं घेऊन आले. एक टाचणी मुंबईला, एक सॅन फ्रान्सिस्कोला. दोन टाचण्यांमधे दोरा ताणला. दोरा कुठून गेला? आफ्रिकेकडे फिरकलाच नाही. मुंबईतून जवळजवळ उत्तरेकडे निघाला, किंचित उजवीकडे कललेला. हिमालय, तिबेट, सैबेरिया, मग आर्क्टिकचा बर्फ, आणि पलीकडून अलास्का-कॅनडावरून खाली. गोलावरची सगळ्यांत जवळची वाट ती. आपल्याला अमेरिका पश्चिमेला वाटते. मोसंब्याला विचाराल तर ती उत्तरेला आहे. (तास संपल्यावर ते मोसंबं पहिल्या बाकावरच्यांनी खाल्लं. मी तिसऱ्या बाकावर बसायचो. ते दुःख अजून आहे.)

पण विमान दोऱ्यावरून जातं का? बरेचदा नाही. तिबेटवर उडताना विमानाच्या आतला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला झटकन तीनेक हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं, म्हणजे माणसांना श्वास घेता येतो. खाली यायचं कुठे? तिथले डोंगरच त्याहून उंच. म्हणून विमानं बहुधा वळसा घेतात. कात्रजचा बोगदा चुकवून कुणी बोपदेवमार्गे जावं तसं, फक्त हा वळसा हजार किलोमीटरचा.

आणि मग वारा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा झोत असतो, ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जाणारा. तो पाठीवर मिळाला तर लॉटरी, छातीवर आला तर इंधन आणि वेळ दोन्ही जातं. याचा फार सुंदर दाखला २०१६ सालचा आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. त्या ऑक्टोबरात ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर. म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. इथून बेंगळुरूला गाडीने जाऊन, तिथून वेल्लोर गाठून, वर बरंच उरेल इतकं जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास. आधीपेक्षा दोनेक तास कमी! लांबची वाट लवकर पोचवते. लांब कुठलं आणि जवळ कुठलं, हे मग ठरवायचं कुणी?

जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी वैमानिकांनी, सगळ्या स्त्रियाच, सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूपर्यंत उत्तर ध्रुवाच्या वाटेने विमान आणलं. दोन शहरांतलं सरळ अंतर चौदा हजार किलोमीटरला टेकलेलं. सरांचा दोरा कुणीतरी खरोखर उडवून दाखवला. पेपरमधली बातमी वाचताना मला मोसंब्याचा वास आला, खरं सांगतो.

वाऱ्याला निदान दिशा असते. सरहद्दीचं काय? एप्रिल २०२५च्या अखेरीस पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानेही केलं. त्या दिवशी दिल्ली आणि न्यूयॉर्क यांच्यामधली जमीन तसूभरही हलली नव्हती. तरी अंतर वाढलं. अमेरिकेहून येणा-जाणाऱ्या काही विमानांना इंधन घ्यायला व्हिएन्नाला उतरावं लागू लागलं. अंतर भूगोलात असतं असं आपण शिकलो. ते परराष्ट्र खात्यातही असतं, हे पुस्तकात नव्हतं.

घड्याळाची गंमत एका वाक्यात सांगून पुढे जातो. हिवाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. दुपारी दोनला मुंबईहून निघा, सोळा तास उडा, आणि तिथे उतराल त्याच दुपारी साडेचारला. चहाच्या वेळेला! येताना तेच तास सावकारासारखे व्याजासकट वसूल होतात.

आता दुसरा चकवा, आणि तो आपल्या अंगणातला आहे. आकडा विमानतळापासून विमानतळापर्यंतचा असतो. विमानतळावर राहतं कोण?

कात्रज ते लोहगाव सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर. मोठं विमान ताशी नऊशे किलोमीटरने जातं, म्हणजे मिनिटाला पंधरा. कात्रज ते लोहगाव म्हणजे विमानाचं एक मिनिट! तुम्हाला-मला दीड तास. एवढं करून लोहगावला पोचलात तरी अमेरिकेचं विमान तिथून नाही. ते हवाई दलाचं ठाणं आहे, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या आसपास. सतरा तासांचं इंधन पोटात घेतलेल्या अवजड विमानाला ती अपुरी. त्यातून पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, आणि उन्हाळ्यात हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, धाव आणखी लांब लागते. २००८ साली पुणे-फ्रँकफर्ट थेट विमान सुरू झालं होतं. लहानसं विमान, मोजक्याच खुर्च्या, आणि भाडं ऐकूनच आपल्याला पंख फुटावेत असं. पुढे तेही बंद पडलं. पुणेकर जगात कुठेही जायला निघाला की आधी मुंबईला जातो, हे रडगाणं जुनंच आहे.

पुरंदरचा विमानतळ आपण २०१६पासून ऐकतोय. झाला तर तुमच्या घरापासून बोपदेव घाट उतरला की विमान. मला मोह होतो. पण सात गावांची जमीन त्यासाठी मागितली गेली, त्यात महात्मा फुल्यांच्या घराण्याशी नातं सांगणारी खानवडीही आहे. अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा आहेत. लोक रस्त्यावर उतरले. आपलं अंतर दोन तासांनी कमी व्हावं म्हणून कुणाचं तरी घरापासून शेतापर्यंतचं अंतर कायमचं वाढणार असेल, तर आकडा मांडताना तेही मांडायला हवं. मी विमानतळाच्या विरोधात नाही. मी अर्धवट हिशोबाच्या विरोधात आहे.

लोहगावचं नाव निघालंच आहे म्हणून. लोहगाव हे तुकोबांचं आजोळ. म्हणूनच पुण्याच्या विमानतळाला त्यांचं नाव द्यावं, असा ठराव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली केला. वारकऱ्यांच्या श्रद्धेत तुकोबा विमानातूनच वैकुंठाला गेले. या जिल्ह्यातलं ते सर्वांत लांबचं उड्डाण असणार. अंतर किती, वेळ किती, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांना जायचं होतं त्यांनी सामान घेतलं नव्हतं, हेही असेल. आपल्याला मात्र तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा भराव्या लागतात.

त्या बॅगांपासूनच खरा प्रवास सुरू होतो की नाही सांगा. आठ दिवस आधी भाजणी दळून येते. मेतकूट, गोडा मसाला, चकल्यांचा डबा दोनदा कपड्यात गुंडाळलेला. बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये येतो. बॅग हातात धरून आजोबा काट्यावर उभे राहतात, मग बॅगेशिवाय उभे राहतात, मग वजाबाकी. चोवीस किलो सातशे! मग काय काढायचं यावर घरात जी चर्चा होते, तिला वेळेच्या तक्त्यात कुठेच जागा नाही. मध्यरात्री गाडी येते. नवले पूल, द्रुतगती मार्ग, फूड मॉलवर चहा, लोणावळ्यात धुकं. तीन तास आधी पोचायचं म्हणून आपण पाच तास आधी पोचतो. चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी. आखातात विमान बदलायचं असेल तर तिथले तीन-चार तास. दारापासून दारापर्यंत तीस-पस्तीस तास सहज जातात. त्यातले हवेतले एकोणीस-वीस. उरलेले सगळे जमिनीवरचे, रांगेतले, खुर्चीवर बसल्या बसल्या मान टाकलेले. व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखेसाठी घालवलेले महिने मी धरलेलेच नाहीत. धरले तर काही वर्षांत अमेरिका चंद्राच्याही पलीकडे जाते.

जुन्या मराठीला हे ठाऊक होतं, असं मला राहून राहून वाटतं. आपण ‘मजल दरमजल’ म्हणतो. मजल म्हणजे काय? एका दिवसात चालून होतं तेवढं. डोंगर आला की मजल आखूड, सपाटी लागली की लांब. ते माप रस्त्याचं नव्हतं, चालणाऱ्याचं होतं. किलोमीटरने सगळ्यांना सारखं केलं. सोयीचं झालं, पण चालणारा त्यातून गळला.

इथून पुढे मला थोडं सावकाश बोलायचं आहे.

तुमच्या कात्रजचा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथून शनिवारवाड्यापर्यंत, पेठांच्या हौदांपर्यंत, जमिनीखालच्या दगडी नळातून पाणी नेलं. पंप नाही, फक्त उतार. मधे मधे उच्छ्वास बांधले, म्हणजे नळातली हवा सुटावी आणि माणसाला आत उतरून साफसफाई करता यावी. हे पाणी खेळवणारे नानासाहेब जानेवारी १७६१मध्ये उत्तरेकडे निघालेले होते, भाऊंच्या मदतीला. चौदा जानेवारीला पानिपत झालं. त्यांना बातमी लागली ती माळव्यात, भेलशाच्या आसपास, दहा दिवसांनी. अंतर सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर, आजच्या विमानाची पाऊण तासाची मजल. ते दहा दिवस नानासाहेब काय करत होते? पुढची मजल चालत होते. मुलगा विश्वासराव गेलेला आहे, चुलतभाऊ भाऊसाहेब गेलेला आहे, आणि वडील त्यांना गाठायला निघालेत. विलक्षण क्रूर वाटतं. पण एका अर्थी त्या जगाला स्वतःचा एक नियम होता. बातमी घोड्याच्या वेगाने यायची आणि माणूसही घोड्याच्याच वेगाने जायचा. कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असायचं. ‘आत्ता तिथे असतो तर’ हा विचार करायला ‘आत्ता’च हातात नसायचा.

दुसरी गोष्ट सव्वाशे वर्षांनंतरची, आपल्याच पुण्याची. आनंदीबाई जोशी सात एप्रिल १८८३ला कोलकात्याहून बोटीत बसल्या. अठरावं वर्ष पूर्ण होऊन जेमतेम आठवडा झाला होता. चार जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. पती गोपाळराव सोबत नव्हते, ते मागे राहिले होते, आणि नोकरी कुठली तर टपाल खात्यातली! पत्रांवरच संसार. एक पत्र जायचं, त्याचं उत्तर यायचं, तोवर महिने सरायचे. इकडून ‘प्रकृती कशी आहे’ विचारावं आणि उत्तर यावं त्या खोकल्याचं जो एव्हाना बरा झालेला असेल किंवा बळावलेला असेल. मार्च १८८६मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, नोव्हेंबरात मुंबईला परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पण त्यांचा प्रवास तिथे संपला नाही. त्यांच्या अस्थी पुन्हा समुद्र ओलांडून गेल्या. ज्या कार्पेंटरबाईंनी त्यांना अमेरिकेत मुलीसारखं ठेवून घेतलं होतं, त्यांच्या कुटुंबाच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, त्या विसावल्या. कार्पेंटरबाईंनी आपल्या घरातल्या माणसाला परत यायला जेवढा वेळ लागेल तेवढी वाट पाहिली. पुणे ते अमेरिका हे अंतर मला कुणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांपुढे आधी तो रक्षेचा डबा येतो.

मधल्या काळात घरोघर तार येऊ लागली. माझ्या पिढीला ‘तार आली’ हे दोन शब्द पुरे होते. तारेत काय आहे ते वाचायच्या आधी घरातल्या बाया रडायला लागायच्या. प्रसंगी बढतीची तार असायची, तरी रडून झालेलं असायचं. २०१३च्या जुलैत तारसेवा बंद झाली. पण तारेने एक गोष्ट करून ठेवली होती : बातमी माणसाच्या पुढे पळू लागली होती. आज ती शर्यत पूर्ण झाली आहे. बातमीला वेळ लागतच नाही. माणसाला अजून तीस तास लागतात.

म्हणजे अंतर कमी झालं की वाढलं? अठ्ठावन्न दिवसांचे तीस तास झाले, म्हणून कमी झालं म्हणायचं? की बातमी आणि माणूस यांच्यामधे पूर्वी फारसं अंतर नव्हतं आणि आता तीस तासांचं पडलं, म्हणून वाढलं म्हणायचं? मला विचाराल तर आजचं खरं अंतर तेच. फोन वाजल्यापासून दारातल्या बेलपर्यंतचं. आणि ते तीस तास जागेपणी काढायचे असतात. हातात फोन असतो, फोनवर घर दिसतं, माणसं येताना-जाताना दिसतात, आणि आपण कुठल्यातरी परक्या विमानतळावर पाण्याची बाटली रिकामी करून सुरक्षा तपासणीच्या रांगेत उभे असतो.

कात्रजच्या, आंबेगावच्या, धनकवडीच्या किती सोसायट्यांमधे वरच्या मजल्यावर दोनच माणसं राहतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी आठला टॅब उभा करून ठेवतात, कारण तिकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात आणि नातू दुधाचा पेला घेऊन समोर येतो. हे अंतर त्यांनी घड्याळात बसवून घेतलेलं असतं. एक दिवस ते घड्याळ उपयोगी पडत नाही.

सर गेले तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. थंडीचे दिवस. सॅन होजेला मुलीकडे आदल्या दिवशीचे दुपारचे अडीच. फोन मीच केला. ती काही बोलली नाही. पहिला प्रश्न तिने विचारला तो भूगोलाच्या मास्तरांच्या मुलीला शोभणारा होता : “मला किती वेळ आहे?”

मग शेजारपाजारचे जमले आणि जी चर्चा आता घरोघर होते ती झाली. थांबायचं की नाही? शवागारात ठेवायचं का? सरांच्या पत्नीला, आमच्या बाईंना, विचारायचं कुणी? एक काका म्हणाले, सरांना उशीर आवडायचा नाही. दुसरे म्हणाले, सर कुणाचीही वाट बघायचे, तास संपला तरी. बाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ती येईपर्यंत थांबू.” विषय संपला. दोन दिवस आम्ही सगळे ते विमान फोनवर बघत होतो. नकाशावर एक पिवळं विमान, मुंगीसारखं सरकणारं. आयुष्यभर मोसंब्यावर दोरा ताणून दाखवणाऱ्या माणसाच्या घरात, त्याच्याच शाळेतले आम्ही पाच-सहा टक्कल पडलेले विद्यार्थी त्या दोऱ्यावरून येणारी मुंगी मोजत बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, आता इराणवर आहे. कुणीतरी म्हणालं, आता समुद्रावर. बाईंनी मधेच एकदा विचारलं, “तिने काही खाल्लं असेल का?”

विमान वेळेवर उतरलं. बॅग एकच होती, तीही लगेच मिळाली. द्रुतगती मार्ग मोकळा होता. दुपारी अडीचच्या सुमारास तिचा फोन आला, “काका, मी चौकाच्या अलीकडे आहे. गाडी हलत नाहीये.” समोर क्रेन आडवी लावलेली, मागे ट्रक. ड्रायव्हर म्हणत होता, ताई, अर्धा तास तरी. घर तिथून दीड किलोमीटर.

ती उतरली. बॅग गाडीतच ठेवली आणि चालत निघाली. शाळेत असताना बाबांबरोबर ज्या रस्त्याने यायची तोच रस्ता, पण तिला तो ओळखू येत नव्हता, असं पुढे म्हणाली. डेअरीवरून अंदाज घेतला. आम्ही फाटकापाशी उभे होतो. हिवाळी कोट अंगात, बूट धुळीने माखलेले, लांबून येताना दिसली.

तेरावं झाल्यावर जायच्या आदल्या दिवशी मी सहज विचारलं, एकंदर किती तास लागले ग तुला? मला वाटलं, विमानाचं सांगेल. ती थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

“चौकापासून वीस मिनिटं,” म्हणाली.